संकेतस्थळावरील जाहिरातींचे उत्पन्न : हिशेब, अटी आणि काही धडे

गोव्यात एखाद्याने मराठी संकेतस्थळ सुरू केले, मग ते गावच्या बातम्यांचे असो, जत्रा-काल्यांच्या नाटकांचे असो वा पाककृतींचे, की ओळखीचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'यातून मिळते काय?' हाच. 'जाहिराती असतात ना,' असे उत्तर दिले जाते आणि विषय तेथेच संपतो. पानावरच्या या जाहिराती कोण लावतो, त्यांचा भाव कोण ठरवतो आणि त्यातला किती रुपया प्रत्यक्ष हाती येतो, हे वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. अडचण अशी की अनेकदा संकेतस्थळ चालवणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. ही माहिती एके ठिकाणी असावी, म्हणून हा लेख.

पानावर चित्ररूपाने किंवा मजकुराच्या चौकटीत दिसणाऱ्या जाहिरातीला व्यवहारात 'डिस्प्ले' जाहिरात म्हणतात. तिचा आरंभ २७ ऑक्टोबर १९९४ या दिवशी झाला, असे सामान्यतः मानले जाते. 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर त्या दिवशी आडव्या पट्टीच्या जाहिराती झळकल्या. त्यांतली एटी अँड टी कंपनीची पट्टी इतिहासात राहिली. पट्टीचा आकार ४६८ गुणिले ६० पिक्सेल होता, आणि ती पाहणाऱ्या दर शंभरांपैकी चव्वेचाळीस जणांनी तिच्यावर क्लिक केले, असे सांगितले जाते. आज हे प्रमाण शेकडा एकाच्याही बरेच खाली आहे. वाचकाची नजर जाहिरातीच्या जागा ओळखते आणि त्या टाळून पुढे सरकते. बेनवे आणि लेन या संशोधकांनी १९९८ मध्येच या सवयीला 'बॅनरचे अंधत्व' या अर्थाचे नाव दिले होते.

छोट्या संकेतस्थळांसाठी खरी दारे उघडली ती २००३ मध्ये, गूगलने 'ॲडसेन्स' ही सेवा सुरू केली तेव्हा. त्यापूर्वी जाहिरात हवी असेल तर जाहिरातदाराकडे जावे लागे, दर ठरवावा लागे, वसुली करावी लागे. ॲडसेन्समध्ये पानावर संगणकीय संकेताच्या चार ओळी चिकटवल्या की जाहिराती आपोआप येऊ लागत. मराठीच्या वाट्याला मात्र हे बऱ्याच उशिरा आले. हिंदी भाषेला या सेवेत डिसेंबर २०१४ मध्ये प्रवेश मिळाला आणि मराठीला त्यानंतरही काही वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात अनेकांनी इंग्रजी पाने दाखवून परवानगी मिळवली आणि नंतर त्याच संकेतांवर मराठी मजकूर चालवला. हे नियमाला धरून नव्हते आणि त्याची किंमत अनेकांनी खाते गमावून चुकवली. कोकणीचे नाव मान्य भाषांच्या यादीत नाही, ही गोष्ट गोव्यात द्वैभाषिक संकेतस्थळ काढू पाहणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावी.

भाव ठरतो कसा

वाचक पान उघडतो, त्या क्षणी त्या पानावरच्या जागेचा लिलाव होतो. वाचक कोणत्या प्रदेशात आहे, फोनवर वाचतो की संगणकावर, मजकूर कशाविषयी आहे, याआधी त्याने काय शोधले होते, अशा माहितीवर जाहिरातदारांच्या वतीने यंत्रे बोली लावतात आणि सेकंदाच्या अंशात चौकट भरते. एकाच बातमीवर शेजारी बसलेल्या दोघांना दोन वेगळ्या जाहिराती दिसतात त्या यामुळे. बोलीतून आलेल्या रकमेतला वाटा संकेतस्थळाला मिळतो. ॲडसेन्समध्ये हा वाटा सुमारे ६८ टक्के आहे. पूर्वी पैसे मुख्यत्वे क्लिकवर मिळत. २०२४ च्या आरंभापासून ते जाहिरातीच्या दर्शनावर मोजले जाऊ लागले.

मिळकत मोजण्याचे प्रचलित माप म्हणजे दर हजार पानांमागची रक्कम. व्यवहारात तिला 'आरपीएम' म्हणतात. समजा, एखाद्या संकेतस्थळाचा हा दर ३० रुपये आहे. महिन्याला एक लाख पाने वाचली गेली तर हाती ३,००० रुपये येतील. मराठी मजकुराच्या छोट्या संकेतस्थळाला महिन्याला एक लाख पाने ही सहज गाठता येणारी संख्या नाही, आणि तीन हजारांत सर्व्हरचे भाडे, नावाची नोंदणी आणि एका माणसाचे श्रम बसत नाहीत. संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी हे साधे गणित कागदावर मांडले तर पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो. 'वाचक वाढले की पैसा वाढेल' हे वाक्य अर्धेच खरे आहे, कारण दर स्थिर राहत नाही.

तो का हलतो, याची कारणे अनेक. दसरा-दिवाळीपासून वर्षअखेरीपर्यंत जाहिरातदार हात सैल सोडतात आणि जानेवारी उजाडताच आखडतात. डिसेंबरातला आकडा पाहून नवा कॅमेरा हप्त्यावर घेणाऱ्याला फेब्रुवारीत त्याची जाणीव होते. परदेशात बसून वाचणाऱ्या गोमंतकीयाच्या एका दर्शनाला येथील वाचकाच्या दर्शनापेक्षा बहुधा अधिक मोल येते, कारण त्या देशातले जाहिरातदार अधिक बोली लावतात. विमा, कर्ज, शिक्षण या विषयांना भाव जास्त. वाड्यावर पाणी न आल्याच्या बातमीला कोणी विशेष बोली लावत नाही.

दिसणारी आणि न दिसणारी चौकट

जाहिरात पानावर असणे आणि ती दिसणे यांत फरक आहे. या क्षेत्रात मान्य असलेल्या मापानुसार चौकटीचा किमान अर्धा भाग किमान एक सेकंद पडद्यावर राहिला, तरच ती 'दिसली' असे धरतात. लेखाच्या तळाशी, जेथे फार थोडे वाचक पोहोचतात, तेथे लावलेल्या चार चौकटी म्हणूनच जवळजवळ निरुपयोगी ठरतात. उलट त्यांच्यामुळे संकेतस्थळाच्या एकूण जागेची पत घसरते आणि वरच्या चांगल्या चौकटीलाही कमी बोली येऊ शकते. चौकटी कमी केल्यावर उत्पन्न वाढल्याचे अनेक चालक सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

चौकटींच्या गर्दीचा दुसरा परिणाम वाचकावर होतो. वाचता वाचता मजकूर एकदम खाली सरकतो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडते, हा अनुभव प्रत्येकाने घेतला असेल. चौकटीसाठी आधी जागा राखून न ठेवल्याने असे घडते. गूगलच्या शोधयंत्रात पानाच्या गुणवत्तेच्या मापांमध्ये हे सरकणेही मोजले जाते. क्रोम या न्याहाळकाने फेब्रुवारी २०१८ पासून अतित्रासदायक जाहिराती लावणाऱ्या संकेतस्थळांवरच्या सगळ्याच जाहिराती रोखण्यास आरंभ केला. त्यासाठी आधार घेतलेल्या निकषांनुसार फोनवर लेखाच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींनी व्यापता कामा नये. आपल्याकडची कित्येक बातमीपाने या कसोटीला उतरणार नाहीत. आम्ही ज्या धंद्यात आहोत त्याविषयीच हे लिहावे लागते, याची जाणीव आहे.

आपल्याच माणसांचे क्लिक

आता एक व्यक्तिगत अनुभव. महाविद्यालयात असताना दोन मित्रांसह मी नाटकांच्या वेळापत्रकाचे एक संकेतस्थळ चालवत होतो. कोणत्या देवळात कोणत्या तिथीला कोणते नाटक, कोणते मंडळ, एवढीच माहिती. एका जाहिरात-जाळ्याने परवानगी दिली तेव्हा आम्ही ती बातमी अभिमानाने सगळीकडे सांगितली, आणि चूक झाली ती तेथेच. मामेभाऊ, वर्गमित्र, नाट्यमंडळातले दादा, सगळे प्रेमाने रोज येऊन जाहिरातींवर क्लिक करू लागले. एका काकांनी तर 'आज पंधरा वेळा केले रे' असे फोन करून कळवले. महिनाभरात कमाईचा आकडा चढला आणि मग एका सकाळी खाते बंद झाल्याचा ईमेल आला. अपील केले, ते फेटाळले गेले. जमलेली रक्कम मिळाली नाही. त्या वेळी राग आला होता. आज वाटते की जाळ्याची बाजू बरोबर होती : जाहिरातदाराने पैसे मोजले होते ते गिऱ्हाइकासाठी, काकांच्या मायेसाठी नव्हे.

नियम स्पष्ट आहे. स्वतः क्लिक करू नये, कोणाला करण्यास सांगू नये, 'आम्हाला पाठिंबा द्या, जाहिरात पाहा' असे सुचवूही नये. चौकटीवर 'हे वाचा' अशा फसव्या खुणा करू नयेत. पैसे देऊन वाचकसंख्या वाढवून देणारे लोक भेटतात. ती संख्या बहुतेक वेळा यंत्रांची असते आणि बुडते ते आपले खाते. पटलावर दिसणारी रक्कम अंदाजी असते, हेही विसरू नये. महिना संपल्यावर अवैध क्लिक वजा होऊन अंतिम रक्कम ठरते आणि ती पटलावरच्या आकड्यापेक्षा कमी असू शकते.

पैसे हाती येण्याचा मार्गही माहीत असावा. ॲडसेन्समध्ये खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी एक सांकेतिक क्रमांक साध्या टपालाने घरी येतो. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. ज्या वाड्यावर घरक्रमांकाऐवजी 'देवळामागे' हाच पत्ता चालतो, तेथे हे पत्र हरवण्याची शक्यता गृहीत धरून टपाल कार्यालयात आधी सांगून ठेवणे बरे. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेत येत नाही. छोट्या संकेतस्थळाला त्यासाठी काही महिने, प्रसंगी वर्षही लागते. ही आवक आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. रक्कम नियमित येऊ लागल्यावर सनदी लेखापालाला एकदा भेटणे स्वस्त पडते.

नकलेपासून संरक्षणाचा एक छोटा उपाय २०१७ पासून उपलब्ध आहे. आपली जाहिरात-जागा विकण्याचा अधिकार कोणाला आहे, याची यादी 'ॲड्स डॉट टीएक्सटी' नावाच्या धारिकेत ठेवायची. त्याच वर्षी 'फायनान्शियल टाइम्स' या ब्रिटिश दैनिकाला आढळले होते की त्याच्या नावाने बनावट जागा अनेक बाजारांत विकली जात आहे. तिचे मोल महिन्याला दहा लाख पौंडांच्या घरात असावे, असा त्या दैनिकाचा अंदाज होता. ही धारिका करण्यास दहा मिनिटे लागतात.

बातमीची किंमत

तांत्रिक बाजू शिकता येते. खरी कठीण बाजू संपादकाच्या मेजावर आहे. कोणत्या मजकुराने किती मिळवले हे पटलावर ओळीओळीने दिसू लागले की लिहिणाऱ्याचा हात नकळत त्या दिशेला वळतो. ग्रामसभेचे वृत्त चाळीस जणांनी वाचले आणि एका नटीच्या विवाहाचे चार हजारांनी, हे रोज पाहणारा माणूस ग्रामसभेला किती दिवस जाईल? एक बातमी दहा छायाचित्रांच्या दहा पानांत तोडणे, मथळ्यात निम्मी माहिती लपवणे, पंचांग आणि राशिभविष्य रोज नव्या नावाने देणे, या साऱ्या युक्त्या याच हिशेबातून आल्या आहेत. पटलावरचे आकडे काही दिवस वाढतातही. पण जो वाचक मथळ्याने दोनदा फसतो तो तिसऱ्यांदा त्या संकेतस्थळाचे नाव पाहून पुढे जातो, आणि ते नुकसान कोणत्याही पटलावर दिसत नाही.

याहून गंभीर गोष्ट आहे ती शब्दांच्या बहिष्काराची. आपली जाहिरात अपघात, मृत्यू, हिंसा अशा मजकुराशेजारी दिसू नये म्हणून जाहिरातदार विशिष्ट शब्द असलेली पाने वगळतात. २०२० मध्ये महासाथीच्या काळात अनेक जाहिरातदारांनी 'कोरोनाव्हायरस' हा शब्दच वगळण्याच्या यादीत घातला. जगभर बातमीस्थळांची वाचकसंख्या वाढलेली असताना त्यांच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पानांना बोली येईना. म्हणजे जी बातमी समाजाला सर्वांत आवश्यक, तीच या बाजारात सर्वांत स्वस्त. पुलावरील अपघात, दरड कोसळणे, रुग्णालयातील गैरसोय यांची पाने उत्पन्नाच्या तक्त्यात तळाशीच राहणार, हे संपादकाने आधीच स्वीकारलेले असावे. त्यांचा खर्च दुसरीकडून काढावा लागतो.

नको त्या जाहिरातींचाही प्रश्न आहे. ऑनलाइन सट्टेबाजीच्या जाहिराती लावू नयेत, अशा सूचना केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ पासून वेळोवेळी दिल्या. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर बंदी आणली. जाहिरात यंत्राने लावली, आम्हाला माहीत नव्हते, ही सबब वाचकाला पटत नाही. ॲडसेन्समध्ये काही प्रकारच्या जाहिराती आणि विशिष्ट जाहिरातदार रोखण्याची सोय आहे, पण ती शोधून वापरावी लागते. निधनवार्तेखाली पत्त्यांच्या खेळाची जाहिरात पाहिलेले कुटुंब त्या संकेतस्थळाला कधी क्षमा करील, असे वाटत नाही.

मधले हात

जाहिरातदार देतो ते सारे संकेतस्थळाला मिळत नाही. ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या संघटनेने प्राइस वॉटरहाउस कूपर्सकडून करवलेला एक अभ्यास मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या, नामांकित प्रकाशकांच्याही हाती जाहिरातदाराच्या खर्चापैकी सरासरी ५१ टक्केच पडत असल्याचे दिसले. सुमारे १५ टक्के रक्कम कोठे गेली याचा माग तपासनिसांना लागला नाही. उरलेली मधल्या सेवांच्या शुल्कात गेली. आपल्याकडे डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने जाहिरात-तंत्रज्ञानाच्या दोन बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. या खटल्यांतून आपल्या छोट्या संकेतस्थळांच्या दरात उद्या फरक पडेल, अशी आशा धरून बसणे मात्र व्यवहार्य नाही. शोधयंत्रे आता प्रश्नाचे उत्तर स्वतःच तयार करून वर दाखवू लागली आहेत. वाचक मूळ पानापर्यंत आलाच नाही तर लिलाव होण्याचाही प्रश्न उरत नाही.

गावातली जाहिरात

म्हणून या सगळ्या प्रवासानंतर अनेक जण पुन्हा जुन्या वाटेवर येतात. गोव्यातली छापील दैनिके उघडून पाहावीत. पुण्यस्मरणाच्या चौकटी, वाढदिवसाच्या आणि चवथीच्या शुभेच्छा, देवस्थानांची निमंत्रणे, दुकानांचे वर्धापनदिन : या जाहिराती कोणत्याही लिलावात मिळणार नाहीत, कारण त्यांचा वाचक ठरलेला आहे आणि तो याच राज्यात आहे. फोंड्यातल्या फर्निचरवाल्याला मुंबईतल्या लाखभर वाचकांशी कर्तव्य नाही. आसपासच्या दोन तालुक्यांतल्या पाच हजारांशी आहे. त्याच्याकडून महिन्याला ठरलेली रक्कम घेऊन लावलेली एक स्वच्छ चौकट, वर मांडलेल्या हिशेबातल्या लाख पानांपेक्षा अधिक देऊ शकते. आणि तिच्यात मधला हात नसतो.

तिचे धोकेही ओळखीचे आहेत. जाहिरातदार ओळखीचा असल्याने त्याच्या दुकानावर छापा पडल्याची बातमी देताना लेखणी अडखळते. पैसे घेऊन लिहिलेला कौतुकपर मजकूर बातमीच्या रूपात देण्याचा आग्रह होतो. अशा मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द ठळकपणे असलाच पाहिजे. 'डार्क पॅटर्न'विषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे जाहिरातीचा वेश बदलण्यास मनाई करतात. सुरुवातीलाच 'जाहिरात वेगळी, बातमी वेगळी' हे तोंडावर सांगितलेले बरे. सांगितल्यावर काही जण जातात.

वसुली हा तर स्वतंत्र अध्याय. चवथीला लावलेल्या जाहिरातीचे पैसे दिवाळीला मागायला गेले तर 'मालक बाहेर गेले आहेत' हे ठरलेले उत्तर. यावर उपाय एकच, आणि तो छापील धंद्यातल्या जुन्या माणसांकडून शिकलेला : कागदावर चौकटीचा आकार, जागा, आरंभाची तारीख, दर आणि आगाऊ अर्धी रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. जाहिरात उतरवण्याची तारीखही त्यातच असावी, कारण ती लिहिलेली नसेल तर चौकट उतरवण्याची आठवण कोणालाच राहत नाही. शिगमो संपला तरी चवथीच्या शुभेच्छा देत बसलेली संकेतस्थळे आपल्याकडे शोधली तर आजही सापडतील.